आठ डीबीआय कुठे गेले? – सातपूरच्या एका छोट्या अँटेनाची गोष्ट



आजचा पाठ पुस्तकात आहे, पण मी तो पुस्तकातून शिकलो नाही. 'मोनोपोल अँटेना' हे प्रकरण मी कित्येक वर्षं शिकवतो आहे. फळ्यावर एक उभी रेघ काढायची, खाली एक आडवी रेघ, शेजारी 'तरंगलांबी भागिले चार' असं लिहायचं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचं. परीक्षेत चार गुणांचा प्रश्न येतो, मुलं आकृती काढतात, मी गुण देतो. सगळं सुरळीत चाललं होतं. पण खरं सांगायचं तर मी स्वतःच्या हाताने एकही अँटेना बनवलेला नव्हता. तो बनवायला लावला माझ्याच तीन विद्यार्थ्यांनी, आणि त्यात त्यांच्याआधी माझी परीक्षा झाली. तीच गोष्ट आज सांगतो.

प्रोजेक्टचं नाव ठरलं

आमचं तंत्रनिकेतन सातपूर एमआयडीसीच्या जवळ आहे. सकाळी त्र्यंबक रोडवर आयटीआय सिग्नलला थांबलं की पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांची गर्दी दिसते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील याच गर्दीत असतात. कुणी लेथवर, कुणी प्रेसवर, कुणी पॅकिंगला.

शेवटच्या वर्षाच्या एका गटात दोन मुलं आणि एक मुलगी होती. त्यातला एक मुलगा श्रमिकनगरचा. त्याच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एक छोटी अभ्यासिका चालते. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. तिथे नेट नव्हतं. दीडशे मीटरवर त्याच्या मोठ्या भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे चांगलं ब्रॉडबँड होतं. दादाने सांगितलं होतं, "रात्री दुकान बंद असतं, वापरा की." पण राउटरचा सिग्नल अर्ध्या रस्त्यातच दम तोडायचा.

मुलांनी बाजारातून एक अँटेना आणला होता. बोटाएवढा, काळा, आणि पॅकेटवर ठळक छापलेलं – 'बारा डीबीआय'. लावून पाहिला तर काडीचाही फरक नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, "सर, आपणच बनवू. छोटा पण जोरदार." अशा रीतीने प्रोजेक्टचं नाव ठरलं : 'मायक्रोवेव्ह वारंवारतेसाठी कॉम्पॅक्ट हाय-गेन मोनोपोल अँटेना'. नाव भारदस्त होतं. मीही लगेच सही केली.

गेन म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं थांबू. कारण 'गेन' या शब्दाने मलाही बरीच वर्षं फसवलं आहे.

गेन म्हटलं की आपल्याला वाटतं, अँटेना सिग्नल वाढवतो. पण अँटेना हा तांब्या-पितळेचा तुकडा आहे. त्याला ना बॅटरी, ना प्लग. तो शक्ती आणणार कुठून? राउटरने जेवढी शक्ती दिली तेवढीच तो बाहेर सोडतो, उलट थोडी स्वतःच खातो.

मग गेन कसला? कणकेचा गोळा डोळ्यांसमोर आणा. गोळा तेवढाच आहे. सगळीकडे सारखा लाटला तर गोल पोळी होते. एकाच दिशेला लाटला तर लांब होते, पण मग आडवी अरुंद होते. कणीक वाढत नाही, फक्त पसरण्याची दिशा बदलते. अँटेनाचंही तसंच आहे. एका दिशेला जास्त पाठवायचं तर दुसऱ्या दिशेचं कमी करावं लागतं. सगळ्या दिशांना अगदी सारखं पाठवणारा एक काल्पनिक अँटेना धरतात आणि त्याच्या तुलनेत आपला अँटेना सर्वोत्तम दिशेला किती पट पाठवतो, ते डीबीआय या एककात सांगतात. ३ डीबी म्हणजे दुप्पट, ६ डीबी म्हणजे चौपट, १० डीबी म्हणजे दहापट. मोकळ्या जागेत ६ डीबी वाढले की अंतर दुप्पट होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एका दिशेला नीट पाठवण्यासाठी अँटेनाला तरंगलांबीच्या तुलनेत पुरेशी जागा लागते. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिथे ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. दूरच्या आकाशगंगांकडून येणारा अतिक्षीण सिग्नल गोळा करायचा तर एवढी जागा लागते. उगाच कोणी शेतात एवढ्या तबकड्या उभारत नाही! हे डोक्यात ठेवलं असतं तर 'बोटाएवढा, बारा डीबीआय' हे वाचून आम्ही दुकानातच हसलो असतो.

"सर, दुसरा पाय कुठे गेला?"

पहिल्याच आठवड्यात मुलीने विचारलं, "सर, डायपोलला दोन दांड्या असतात. मोनोपोलला एकच. मग दुसरा पाय कुठे गेला?"

मी पुस्तकी उत्तर दिलं, "जमिनीत." तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. घरी येऊन मी स्वतःच कागद घेऊन बसलो.

हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास रेडिओलहरी दाखवल्या, तेव्हा त्याच्या यंत्राला दोन बाजू होत्या. मार्कोनीने १८९५ मध्ये एक टोक उंच तारेला जोडलं आणि दुसरं जमिनीत गाडलं. त्याचा पल्ला एकदम वाढला. उंच तार हा त्याच्या अँटेनाचा अर्धा भाग होता आणि उरलेल्या अर्ध्याचं काम जमीन करत होती. पत्रा किंवा जमीन आरशासारखी वागते. आरशाच्या कडेला अर्धा चेहरा धरला की पूर्ण चेहरा दिसतो ना? तसंच पत्र्यावर उभ्या केलेल्या दांडीचं प्रतिबिंब खाली तयार होतं आणि दोन्ही मिळून डायपोल पूर्ण होतो.

यातून एक फायदाही होतो. डायपोल वर आणि खाली दोन्हीकडे पाठवतो. मोनोपोल फक्त पत्र्याच्या वरच्या बाजूला पाठवतो. तेवढीच शक्ती निम्म्या जागेत, म्हणजे दुप्पट दाट. म्हणून अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा गेन २.१५ डीबीआय, तर पाव तरंगलांबीच्या मोनोपोलचा ५.१५ डीबीआय. पण या आकड्यासोबत एक अट असते. पत्रा अनंत पसरलेला असायला हवा. ही अट मी फळ्यावर दरवर्षी लिहीत होतो आणि दरवर्षी तिच्यावरून घसरत पुढे जात होतो.

गणित सोपं होतं

आता माप काढू. रेडिओलहरीचा वेग प्रकाशाएवढा, सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. वायफायची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी कंपनं. भागाकार केला की तरंगलांबी येते १२.२४ सेंमी. तिचा चौथा भाग सुमारे ३ सेंमी.

जुन्या गाड्यांवरचा रेडिओचा लांब दांडा आठवतो? एफएम साधारण १०० मेगाहर्ट्झवर चालतो. तिथे तरंगलांबी ३ मीटर आणि पाव भाग पाऊण मीटर. नियम तोच, फक्त वारंवारता वाढली की दांडी लहान होते. मायक्रोवेव्हमध्ये ती काडेपेटीतल्या काडीएवढी होते. म्हणून तर हे काम आपल्याला टेबलावर करता येतं.

मुलांनी मात्र पाव तरंगलांबीवर समाधान मानलं नाही. पाच अष्टमांश तरंगलांबीची दांडी घेतली तर गेन आणखी वाढतो, हे त्यांनी प्रा. गिरीश कुमार यांच्या अँटेनावरच्या व्याख्यानांच्या मदतीने शोधून काढलं. आयआयटी मुंबईची ही व्याख्यानं एनपीटेलवर मोफत आहेत, तुम्हीही जरूर ऐका. पाच अष्टमांश म्हणजे ७.६५ सेंमी. तळाशी एक छोटं वेटोळं, जेणेकरून केबलशी जुळणी व्हावी. संगणकावर सिम्युलेशन केलं. निकाल आला ८ डीबीआय!

तिघेही नाचायचेच बाकी होते. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मला चहा पाजला. सारांशपत्रात '८ डीबीआय' असं लिहून ते विभागात जमाही झालं.

मैदानावर

पितळी तार, एसएमए कनेक्टर आणि ६ सेंमी बाजूचा चौकोनी तांब्याचा पत्रा, एवढ्यात अँटेना तयार झाला. तळहातावर मावत होता. तुलनेसाठी तसाच एक साधा, पाव तरंगलांबीचा अँटेना बनवला. नॅनो व्हीएनए या छोट्या यंत्राने जुळणी तपासली. दोन्ही अँटेना २.४५ च्या आसपास छान जुळले होते. पण मित्रांनो, नीट लक्षात घ्या. जुळणी चांगली म्हणजे अँटेनाने शक्ती आत घेतली, एवढंच कळतं. ती कुठे पाठवली ते कळत नाही.

त्यासाठी आम्ही मैदानावर गेलो. एका टोकाला राउटर, वीस मीटरवर मोबाईल. मोबाईल हातभर इकडे-तिकडे सरकवत दहा नोंदी घ्यायच्या आणि सरासरी काढायची. एकाच जागी मोजून चालत नाही, कारण भिंतीवरून, गाड्यांवरून परतलेल्या लहरी मिसळून आकडा खाली-वर करतात.

साध्या अँटेनाच्या तुलनेत आमचा 'हाय-गेन' अँटेना किती पुढे होता? जेमतेम एक डीबी. आणि नोंदींमधला चढउतारच दीड डीबीचा होता. म्हणजे पुढे आहे असं छातीठोकपणे म्हणताही येत नव्हतं.

आम्ही तीन दिवस मोजलं. केबल बदलली, मोबाईल बदलला. आकडा हलेना.

जी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती

अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ही चौघेच. श्रमिकनगरचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, सिम्युलेशनचा आठचा आकडाच मोजलेला म्हणून लिहू का? परीक्षक काय मैदानात येऊन मोजणार आहेत?"

त्याला रागवायला हवं होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना.

कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. पदवीच्या शेवटच्या वर्षी आमचा ॲम्प्लिफायर नीट चालला नाही. दिवस कमी होते. एका सीनिअरच्या जुन्या अहवालातले आकडे थोडे इकडे-तिकडे करून मी आलेख काढला. परीक्षकांनी आलेखाचं कौतुक केलं. पहिला वर्ग मिळाला. त्या पहिल्या वर्गाच्या जोरावर ही नोकरी मिळाली. आणि तो ॲम्प्लिफायर का चालला नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी मुलांना हे सांगितलं. सांगताना आवाज नीट नव्हता. तिघेही गप्प होते. 'आता तुम्ही ठरवा' असं म्हणून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. खरं तर ते माझं पळणंच होतं.

भाऊंचा प्रश्न

तेवढ्यात मुलीचे वडील तिला न्यायला आले. उशीर झाला म्हणून काळजीने वरच आले. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर आहेत. मी म्हटलं, "या भाऊ, बसा." टेबलावरचा अँटेना त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने दांडी चाचपली, पत्र्याची कड बघितली.

मुलीने त्यांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "मला त्या लहरीबिहरीतलं काय कळत नाय सर. पण आमच्याकडं ड्रॉइंगवर २५ लिहिलेलं असतं आणि व्हर्नियर लावला की २५.०४ निघतं. इन्स्पेक्शन रिपोर्टात २५.०४ च लिहायचं. २५ लिहिलं तर त्या दिवसापुरता माणूस सुटतो. पण पार्ट तिकडं बसत नाय, मग अख्खा लॉट रिजेक्ट होऊन येतो. आन् तवा शोधायलाबी काय उरत नाय, कारण कागदावर तर सगळं बरोबरच असतं."

मग अँटेना टेबलावर ठेवत सहज विचारलं, "ड्रॉइंगमध्ये ही प्लेट एवढीच आहे का?"

मुलीने लॅपटॉप उघडला. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. सिम्युलेशनमध्ये खालच्या पत्र्याच्या मापासमोर एक पर्याय निवडलेला होता : 'अनंत'.

तीन आठवडे आम्ही अनंत पत्र्यावरच्या अँटेनाची तुलना ६ सेंमीच्या पत्र्यावरच्या अँटेनाशी करत होतो! ६ सेंमी म्हणजे अर्धी तरंगलांबीसुद्धा नाही. आरसाच एवढासा, तर त्यात पूर्ण प्रतिबिंब कसं दिसणार?

गेन वर बघत होता

दुसऱ्या दिवशी भाऊंनी वर्कशॉपमधल्या भंगारातून ३० सेंमीचा ॲल्युमिनियमचा गोल पत्रा कापून दिला. अँटेना त्यावर बसवला. आडव्या दिशेला तरीही फार फरक पडला नाही. मग मुलीने काय केलं, तर अख्खा पत्राच हळूहळू मोबाईलच्या दिशेने कलता केला. साधारण तीस अंशांपाशी मोबाईलवरचा आकडा एकदम वर गेला. चारेक डीबीचा फरक!

मग कुठे उलगडा झाला. मर्यादित पत्र्यावर मोनोपोलचा झोत आडवा जात नाही, तो वर उचलला जातो. पत्र्याच्या कडेशी आरसा संपतो आणि क्षितिजाच्या दिशेचं जोर देणारं प्रतिबिंब अपुरं पडतं. म्हणजे आमचा अँटेना काम करत होता, फक्त समोरच्या मोबाईलशी बोलायचं सोडून आकाशाशी बोलत होता.

आठचा आकडा खोटा लिहिला असता, तर हे कधीच सापडलं नसतं.

नाण्याएवढी चकती

उरलेल्या वेळात मुलांनी आणखी एक प्रयोग केला, तोही सांगतो. १९९८ मध्ये प्रा. गिरीश कुमार, मुंबईच्या 'समीर' या मायक्रोवेव्ह संशोधन संस्थेतले के. पी. रे आणि त्यांचे सहकारी यांनी सपाट मोनोपोलवर एक शोधनिबंध लिहिला. दांडीऐवजी पत्र्याची सपाट चकती उभी केली, तर अँटेना फार मोठ्या वारंवारता-पट्ट्यात चालतो. या अँटेनासाठी एक सुटसुटीत सूत्र आहे. चकतीची उंची, तिची समतुल्य त्रिज्या आणि खालची फट यांची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा. ७.२ ला त्या बेरजेने भागा. कुठून पुढे अँटेना चालेल ते गिगाहर्ट्झमध्ये मिळतं. गोल चकतीची समतुल्य त्रिज्या म्हणजे तिच्या त्रिज्येचा चौथा भाग.

दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिमी. मग उंची २.७, समतुल्य त्रिज्या ०.३४, फट ०.१. बेरीज ३.१४. भागाकार २.२९ गिगाहर्ट्झ. म्हणजे नाण्याएवढी चकती वायफायच्या २.४ च्या पट्टीत चालते आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीतही! (खरं नाणं कापू नका, तो गुन्हा आहे. आम्ही पितळेच्या पत्र्याची चकती कापली.) व्हीएनएवर आम्हाला ३ गिगाहर्ट्झपर्यंतच बघता आलं, पण तेवढ्यात सूत्र छान जुळलं.

पण चकतीचा गेन? साध्या दांडीएवढाच. पट्टी रुंद मिळाली, गेन नाही. १९४८ मध्ये एल. जे. चू यांनी गणिताने दाखवून दिलं होतं की छोट्या अँटेनाला मर्यादा असतात. आकार लहान, पट्टी रुंद आणि गेन जास्त हे तिन्ही एकदम मागता येत नाही. काहीतरी सोडावं लागतं. आमच्या प्रोजेक्टच्या नावातच ही ओढाताण होती आणि सही करताना माझ्या लक्षात आली नव्हती.

शेवटी डबा कामाला आला

अभ्यासिकेला सगळ्या दिशांना पाठवायची गरजच नव्हती. दुकान एका ठिकाणी, समाजमंदिर एका ठिकाणी. मग एकाच दिशेला पाठवणारा अँटेना का नको?

उपाय निघाला पत्र्याच्या गोल डब्यात. डब्याच्या एका बाजूला भोक पाडून तीच ३ सेंमीची दांडी आत उभी करायची. दांडी मोनोपोलच, पण आता डब्याची भिंत तिचा आरसा आणि डब्याचं उघडं तोंड तिची दिशा. डब्याचा व्यास मात्र नेमका हवा. या वारंवारतेला ७.२ सेंमीपेक्षा लहान डब्यातून लहर पुढे सरकतच नाही, आणि ९.४ सेंमीपेक्षा मोठ्या डब्यात नको असलेली दुसऱ्या तऱ्हेची लहरही शिरते. किराणा दुकानांत व्हर्नियर घेऊन फिरणारी मुलं बघून दुकानदार बुचकळ्यात पडले. शेवटी ९ सेंमी व्यासाचे, १५ सेंमी लांबीचे दोन डबे सापडले. डब्यात लहर ताणली जाऊन तिची लांबी सुमारे २०.३ सेंमी होते. तिचा चौथा भाग, म्हणजे ५.१ सेंमी. बंद टोकापासून तेवढ्या अंतरावर दांडी बसवली.

अशा डब्याचा गेन सातएक डीबीआय मिळतो. तोंडाला नरसाळं जोडलं तर आणखी वाढतो. हेही नवीन नाही बरं का! आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात १८९५ मध्ये मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. त्यांच्या उपकरणात लहरी गोळा करायला नरसाळ्यासारखं तोंड होतं.

एक डबा दुकानाच्या खिडकीत, दुसरा समाजमंदिराच्या गॅलरीत. परवान्याशिवाय वापरता येणारी पट्टी, राउटरची मूळ शक्ती, काहीही वाढवलं नाही. रात्री साडेनऊला अभ्यासिकेतल्या एका मुलाने भरतीच्या सराव परीक्षेचं पान उघडलं आणि ते उघडलं! पावसाळ्यात मधला कडुनिंब भिजला की जोडणी अजूनही ढेपाळते, हेही सांगायला हवं. पाण्याने भरलेली पानं या लहरी शोषून घेतात.

तोंडी परीक्षा

अहवालात मुलांनी लिहिलं : 'अपेक्षित गेन ८ डीबीआय, अनंत पत्रा गृहीत धरून. ६ सेंमी पत्र्यावर आडव्या दिशेला साध्या मोनोपोलपेक्षा १ डीबी जास्त, मापनातील अनिश्चितता दीड डीबी.' त्याखाली पत्रा कलता केल्याच्या नोंदी, चकती आणि डबा.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सारांशपत्रात आठ होते. कुठे गेले?"

मुलगी म्हणाली, "सर, ते आमच्या पत्र्यात मावले नाहीत." आणि मग तिने फळ्यावर उभी रेघ काढली, खाली आडवी रेघ काढली, आणि आडव्या रेघेची दोन्ही टोकं ठळक गोल करून दाखवली. मी इतकी वर्षं ती रेघ काढतोय, पण ती कुठे संपते हे कधी दाखवलं नव्हतं.

गुण बरे मिळाले, फार नाही. ज्या गटाचे सगळे आकडे सिम्युलेशनशी तंतोतंत जुळले होते, त्यांना जास्त मिळाले. मुलं थोडी हिरमुसली. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हटलं, "तुमचा अँटेना का चालला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला माझ्या ॲम्प्लिफायरबद्दल आजही माहीत नाही."

करून बघा

मित्रांनो, ३ सेंमी तांब्याची तार, एक कनेक्टर आणि पत्र्याचा तुकडा घ्या. आधी छोट्या पत्र्यावर, मग मोठ्या पत्र्यावर, मग पत्रा कलता करून मोबाईलवरच्या सिग्नलची नोंद करा. प्रत्येक वेळी निदान दहा नोंदी घ्या आणि सरासरीशेजारी चढउतारही लिहा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. गच्चीवर काही लावताना विजेच्या तारांपासून लांब राहा, मोठ्या माणसाला सोबत घ्या.

आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर खोडरबर घेऊ नका. आधी आपला पत्रा केवढा आहे ते बघा.

आता मोनोपोलचं प्रकरण आलं की मी तो ६ सेंमीचा पत्रा वर्गात नेतो. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.